खालचा थर

तीन वर्षांपूर्वी आमच्या घरी धोंड्याच्या जेवणाला अनारसे हसले, ते माझ्यामुळे हसले. (अनारसा तुपात सोडल्याबरोबर विरघळून पसरला, की त्याला हसला म्हणतात. त्या वेळी घरात दुसरं कोणी हसत नाही.)

माझं मानवतच्या मोंढ्यात बियाण्यांचं दुकान आहे. मी मुळात कमी बोलतो. गिऱ्हाईक विचारतं, "शेठ, बी चोख हाय ना? भेसळबिसळ न्हाई ना?" मी म्हणतो, "माझ्या हातून भेसळ होत नाही." दिवसभरातलं माझं सगळ्यात लांब वाक्य तेच.

माझी बायको सुमन, तिचे अनारसे म्हणजे आमच्या गल्लीचा अभिमान. दिवाळी आली की बायका भिजवलेले तांदूळ घेऊन दारात उभ्या, "सुमनताई, तेवढा हात लावा." माझी थोरली बहीण आक्का हिनं आजवर कुणाच्या भाजीतलं मीठ बरोबर आहे असं म्हटलेलं नाही. पण सुमनचा अनारसा खाताना तीसुद्धा गप्प बसायची. आक्का गप्प, म्हणजे सोन्याचं पदकच!

अशात लेकीच्या लग्नानंतरचा पहिला अधिक महिना आला. जावयाला बोलावून धोंडे जेवू घालायचे आणि वाणात जाळीदार पदार्थ द्यायचा, म्हणजे अनारसे. सुमननं तांदूळ भिजवले, वाळवले, दळले, गुळात कालवून पीठ डब्यात दाबून मुरत ठेवलं. एवढ्यात पुण्याहून लेकीचा, पल्लवीचा फोन.

"बाबा, ह्यांना चॉकलेट मूस फार आवडतं. थराथराचं. कराल का?"

मला विचारलं, कारण आईला विचारायची तिची छाती नव्हती. मी "बरं" म्हणालो. लेकीला मी आयुष्यात दुसरं काही म्हणालेलो नाही.

सुमननं मात्र कमरेवर हात ठेवले. "धोंड्याला जाळीचं लागतं. त्या मुसाला जाळी हाय का?"

"आत हवेचे बुडबुडे असतात म्हणे. म्हणजे जाळीच की."

"ती तुमाला दिसंल. विहीणबाईला दिसायची न्हाई."

शेवटी तह झाला. अनारसे तिचे, मूस माझं, आणि एकमेकांच्या कामात कुणी हात घालायचा नाही. हा तह कुणी मोडला ते सांगायलाच बसलोय.

मुसाला लागणारं क्रीम मानवतात मिळेना. परभणीहून आणलं. वाटेत वितळू नये म्हणून शेजारच्या जनावरांच्या डॉक्टरांचा लशी ठेवायचा बर्फाचा डबा मागून नेला होता. एसटीत कंडक्टर डब्याकडं बघून हळहळला, "काका, म्हशीला काय झालं?"

मी म्हणालो, "जावई येणार आहेत."

तो तिकीट फाडून पुढं गेला.

धोंड्याच्या आदल्या दिवशी सुमन आहेर आणायला बाजारात गेली आणि मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवला. मोबाइलमध्ये पल्लवी.

"बाबा, क्रीम फेटा. मी थांबा म्हणलं की लगेच थांबायचं."

फेटायला मी ताकाची रवी घेतली आणि घुसळत सुटलो. पल्लवी "थांबा" म्हणायला आणि रेंज जायला एकच गाठ पडली. रेंज आली तोवर लोणी आलं होतं.

"बाबा! हे काय?"

"लोणी. चांगलं निघालंय."

तिनं डोळे मिटून घेतले. "असू द्या. दुसरा पुडा फोडा. अन् ते लोणी बिस्किटांच्या चुऱ्यात घाला, खालच्या थराला लागतंच."

दुसरा पुडा जमला. मग बिस्किटांचे दोन पुडे मिक्सरमधून काढले आणि चुरा कालवायला डबा शोधू लागलो. खालच्या फळीवर पोचा आलेला एक स्टीलचा डबा होता. उघडला, तर आत तपकिरी चुरा दाबून भरलेला! सुमनबद्दल मला भरून आलं. तोंडानं नको नको म्हणते, पण माझ्यासाठी बिस्किटं कुटून ठेवली! मी माझा चुरा त्यातच ओतला, सगळं लोणी घातलं आणि अगदी मनापासून कालवलं.

"मुठीत दाबून बघा बाबा, मूठ धरते का?"

"झकास धरते."

धरणारच! अनारशाचं पीठ होतं ते.

शोकेसमधले काचेचे ग्लास काढले. तळाशी तो चुरा, त्यावर काळं मूस, त्यावर पांढरं, परत काळं. उरलेला चुरा डब्यात, डबा फळीवर, होता तिथंच. मी नीटनेटका माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी पाव्हणे आले. पहिल्या धोंड्याचे अनारसे ताजेच वाढायचे, हा सुमनचा हट्ट. ती कढईपाशी, शेजारी आक्का देखरेखीला. बाहेर जावयांनी मुसात चमचा खोलवर घातला आणि त्यांचा चेहराच फुलला.

"बाबा, एक नंबर! हा खालचा थर कशाचा आहे?"

"बिस्किटाचा," मी छाती काढून म्हणालो.

तेवढ्यात आतून आक्काचा आवाज आला. विहीणबाईंना नीट ऐकू जाईल एवढा. "सुमन! हसला गं आनारसा!"

मी आत धावलो. कढईत तपकिरी फेस. सुमननं दुसरा सोडला, तोही हसला. तिसरा तर खदाखदा. आणि तुपातून चक्क बेकरीचा वास येत होता! मी डब्याकडं पाहिलं. डब्याला पोचा होता. सगळं एका क्षणात कळलं. मी तोंड उघडलं.

"तुमी मधी बोलू नका!" सुमन रडवेली होऊन ओरडली.

मी बोललो नाही. तीन वर्षं.

वाणात किराणा दुकानातले बत्तासे दिले. त्यानंतर दर दिवाळीला आक्का यायची, डबा घेऊन. "सुमन, तू राहू दे गं. आनारशे मीच करून आणलेत. तुझ्या हाताला आता कुठं जमायलेत?" गल्लीतल्या बायका तांदूळ घेऊन यायच्या बंद झाल्या. सुमननं तांदूळ बदलला, गूळ बदलला, शेवटी अनारसे करायचंच सोडलं. मी आक्काचे अनारसे मुकाट चावत बसायचो. दाढ दुखायची. मला ती शिक्षा कमीच वाटायची.

यंदा पुन्हा अधिक महिना आला. पल्लवीचा फोन. "बाबा, ह्यांना तेच मूस हवंय, तोच खालचा थर. मी इथं किती बिस्किटं वापरून बघितली, ती चव येतच न्हाई."

फोन ठेवला, तर सुमन हळूच म्हणाली, "अन् परभणीला जाल तवा आनारशे इकत आणा. मला न्हाई व्हायचे."

सुमन. विकतचे अनारसे.

मग मी बोललो. सगळं. डबा, बिस्किटं, लोणी. ती भाजी निवडता निवडता थांबली.

"गूळ खराब दिला म्हणून त्या वाण्याला मी काय काय बोलले."

"हो."

"अन् तुमी माझ्याम्होरं बसून आक्काचे आनारशे खायचे."

"हो."

"आक्काला फोन लावा. मोठ्यानं ऐकू येईल असा."

लावला. पलीकडून आक्काचा घाबरा आवाज, "दत्ता? तू अन् फोन? कोण गेलं रे?"

"कोणी नाही गेलं," मी म्हणालो आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. पलीकडं आक्का गप्प झाली. बराच वेळ गप्प. सुमन भाजी बाजूला ठेवून ती शांतता नीट ऐकत होती, अनारसा तोंडात विरघळवावा तशी.

त्याच दिवशी तिनं तांदूळ भिजत घातले. मला म्हणाली, "मुसासाठी वाटीभर पीठ काढून देते. कालवायला मात्र मीच येणार."

काल दुकानात गिऱ्हाईक आलं. "शेठ, भेसळबिसळ न्हाई ना?"

"माझ्या हातून भेसळ होत..." एवढं बोलून मी अडखळलो. आता खरं बोलायची सवय लागलीय.

"दुकानात होत नाही," मी म्हणालो.