मंगल कार्यालयाची टाकी आणि आमची मोरी

वसमतला आमच्या मागच्या गल्लीत मंगल कार्यालय झालं तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर गावात आज लग्न आहे की नाही हे आम्हाला पत्रिकेवरून नाही, मोरीवरून कळायला लागलं. दुपारची पंगत उठली की थोड्या वेळानं मोरीच्या जाळीतून आधी बुडबुडे यायचे, मग पिवळसर पाणी आणि त्यावर तवंग. वांग्याची भाजी असली तर बियासुद्धा. आई पोत्याचा बोळा जाळीवर पायानं दाबून उभी राहायची आणि म्हणायची, "आज कुरुंद्याचं वऱ्हाड दिसतंय. तेल लई सोडलंय."

हिवाळ्यात जास्त त्रास. तुळशीच्या लग्नानंतरच्या तिथींना वनस्पती तूप नालीत पोचेपर्यंत थिजायचं. भांडी धुतलेलं पाणी कढत असतं तेव्हा तूप त्यात मिसळून निघून जातं. गार झालं की नालीच्या कडांना धरतं. त्यावर दुसरा थर, तिसरा थर. शेवटी हातभर रुंद नालीत मूठभर वाट राहते, आणि मग पाणी परत फिरतं. गल्लीत आमचं घर सगळ्यात खाली, म्हणून ते आमच्याकडे फिरायचं.

मी नांदेडला इंजिनिअरिंग करून परत आले आणि गावातल्याच एका इंजिनिअर साहेबांच्या ऑफिसात नकाशे काढायला लागले. दुसऱ्याच वर्षी कार्यालयाच्या मालकांनी स्वयंपाकघर वाढवायचं काम आमच्याकडे दिलं. गल्लीतून तक्रारी होत्या, म्हणून सोबत तेल-तूप अडवणारी एक टाकीही हवी होती. मी खालच्या घरातली आहे हे मी सांगितलं नाही. मला वाटलं, सांगितलं तर जे काही म्हणेन ते घरच्या सोयीसाठी म्हणते असंच धरतील.

साहेब म्हणाले, "चार बाय तीनची काढा. खोली तीन फूट. झालं."

माझ्या इंग्रजी पुस्तकात टाकीचा आकार सिंकांवरून काढायचा होता. किती सिंक, प्रत्येकातून किती पाणी, आणि ते पाणी टाकीत साधारण अर्धा तास तरी थांबेल एवढी जागा. तेवढ्यात ते गार होतं, तूप वर येतं, आणि स्वच्छ पाणी खालून पुढं जातं. पण कार्यालयात सिंक एकही नव्हतं. भांडी फरशीवर बसून घासत होते. मग मी एका लग्नाला मागच्या दारानं गेले आणि भिंतीला टेकून पाहत उभी राहिले. एका मावशीनं विचारलं, "तुमी कोणाकडच्या? नवरीकडच्या का नवरदेवाकडच्या?" नालीकडची, असं ओठांवर आलं होतं. "शेजारची," म्हणाले.

तिथं पाणी नळानं वाहत नव्हतंच. एका मोठ्या कढईत सोड्याचं कढत पाणी, त्यात सगळी भांडी बुचकळायची. पंगत संपली की दोघी-तिघी "धर गं, पाय सांभाळ" म्हणत ती कढई अख्खी उपडी करायच्या. म्हणजे एका क्षणात सगळं पाणी. चार बाय तीनच्या टाकीत ते आदळलं तर वर साचलेलं तूप ढवळून सगळंच्या सगळं पुढं ढकललं जाणार. मी सिंक सोडून दिले. हिशोबाला सगळ्यात मोठी कढई धरली, लागोपाठच्या पंगती धरल्या, त्यात तूप साचायला जागा वाढवली आणि टाकी काढली आठ बाय चारची. मध्ये आडभिंत, तिच्या तळाशी फट, म्हणजे पाणी खालून जाईल आणि तूप अलीकडेच अडेल. वर तीन हलकी झाकणं, एका माणसाला उचलता येतील अशी.

नकाशा पाहून साहेब म्हणाले, "यात म्हशी धुवायच्या का?"

मालक हसले. "ताई, टाकी लई मोठी नगं म्हणत न्हाई मी. पण तिथं नवरदेवाची गाडी लागते. तुमची झाकणं मोडली अन् नवरदेव आत गेला तर?"

मी घाबरले की मला इंग्रजीच सुचतं. शाळेची सवय. मी काहीतरी "लोड" आणि "अ‍ॅक्सेस" म्हणाले. साहेब म्हणाले, "मॅडम, मराठीत," आणि दोघं पुन्हा हसले. तेवढ्यात ठरलंसुद्धा. टाकी माझ्या मापाची, पण वर गाडी पेलेल असा जाड स्लॅब, आणि एका कोपऱ्यात माणूस जेमतेम वाकेल एवढं लोखंडी झाकण. टाकी मिळाली म्हणून मी गप्प बसले. साफ कशी करणार, हे विचारायचं मनात होतं. ते मनातच घेऊन घरी आले.

त्या हिवाळ्यात मोरी कोरडी राहिली. एका संध्याकाळी आई म्हणाली, "आज लगीन होतं व्हय? कळलंच न्हाई की." माझ्या कामाचं एवढं कौतुक मला त्याआधी कोणी केलं नव्हतं.

मालकांना मी फोन करत होते. चार-पाच लग्नं झाली की वरचा थर काढा. "व्हय व्हय, काढून राहिलो," ते म्हणायचे. काढत कोणी नव्हतं. झाकण उचलायला दोन गडी लागायचे, आणि त्यावर नेमकी कोणाची तरी जीप उभी असायची.

हळदीच्या पिकाचे पैसे शेतकऱ्यांच्या हातात आल्यावर लग्नांचा जोर आला आणि एके दिवशी पाणी त्यांच्याच स्वयंपाकघरात फिरलं. झाकण उघडलं तर आत पांढरा, घट्ट, वितीपेक्षा जाड थर. टाकीनं नेमकं हेच करायचं होतं. इतक्या लग्नांचं तूप तिनं धरून ठेवलं होतं. पण बघणाऱ्यांना ती तुंबलेली दिसली. मॅडमची टाकी फेल गेली, असं ठरलं. गवंड्याला बोलावून आडभिंत फोडली. पाणी धो धो गेलं, सगळे खूश झाले. मला कोणी कळवलं नाही. मला मोरीनं कळवलं.

मी तशीच कार्यालयात गेले. लग्न चालू होतं. मालक फेटा बांधून दारात उभे होते.

"काका, भिंत फोडली?"

"टाकी भरली होती ताई."

"भरायलाच बांधली होती."

"मंग?"

"मग उपसायची. फोडायची नाही."

"लग्नाच्या घरी तो वास कोण काढंल? आता मस्त चालून राहिलंय. काहून छेडता?"

"तुमच्याकडे मस्त चाललंय. माझ्या आईच्या मोरीतून वर येतंय. चला, बघा."

आवाज बहुधा चढला असावा, कारण सनईवाल्यानं वळून पाहिलं. मालक म्हणाले, "तुमचं घर तिथं हाय? मंग आधी काहून न्हाई सांगितलं?" मी चालायला लागले. ते मागून आले. दारातल्या पाहुण्यांसमोर माझ्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना ते बरं वाटलं असेल.

आई जाळीवर बोळा दाबून उभी होती. साडी पोटरीपर्यंत खोचलेली, पायाखाली मठ्ठ्यातली कोथिंबीर तरंगत होती. फेटा पाहून तिनं डोक्यावर पदर घेतला, पण पाय काढला नाही.

"या भाऊ. जेवण झालं का? न्हाई झालं तर बसा, तुमचंच येऊन राहिलंय इथं."

मालकांनी फेटा सावरत वाकून जाळीत पाहिलं. जाताना एवढंच म्हणाले, "उद्या गवंडी पाठवतो."

पाठवला. आडभिंत पुन्हा झाली. स्लॅब मात्र तसाच राहिला. गाडीची जागा सोडायला ते तयार झाले नाहीत, आणि साहेबांनी मला त्यावर बोलू दिलं नाही. झाकण उचलायचा लोखंडी आकडा तेवढा मालकांनी आमच्या घरी आणून ठेवला. आता दर चार-पाच लग्नांनी आई तो आकडा पदराआड घेऊन कार्यालयात जाते आणि दोन गडी मिळेपर्यंत तिथून हलत नाही. एवढं शिकून मी काढलेली टाकी माझ्या आईच्या चपला झिजवून चालते, याचा मला राग येतो. साहेबांचाही येतो. परवाच डोंगरकड्याच्या रस्त्यावरच्या एका धाब्यासाठी ते म्हणाले, "चार बाय तीनची काढा." मी आठ बाय चारची काढली, तीन हलक्या झाकणांची, आणि ती आता त्यांच्या टेबलावर सहीशिवाय पडून आहे.

लग्नाच्या दिवशी आई अजूनही बोळा मोरीपाशी आणून ठेवते. मी चिडले की म्हणते, "तुझ्या टाकीवर भरवसा हाय गं. झाकणावर न्हाई."