गाडीतला कुत्रा गप्प झाला तेव्हा

मोज्यांच्या कारखान्यात उभं आयुष्य काढलेल्या बाईचे कान कसे होतात, हे तिच्या घरच्यांना हळूहळू कळत गेलं. डावा कान कारखान्यातच राहिला, असं ती स्वतः म्हणायची. उजव्याला जाड आवाज यायचे. दार आपटलं, ट्रक गेला, वरच्या मजल्यावर कुणी पलंग सरकवला, एवढं कळायचं. बारीक आवाज मात्र एकेक करून तिला सोडून गेले. आधी घड्याळ गेलं, मग चिमण्या, मग बादलीत पडणारं नळाचं पाणी. त्याबद्दल तिनं कधी तक्रार केली नाही. कुणी विचारलंच तर "येतं की ऐकू" म्हणायची आणि बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत राहायची.

अशा बाईवर त्या घरानं पहारा सोपवला होता. त्याला कारण होता एक कुत्रा.

कुत्रा गाडीतला होता. मुलानं नवी गाडी घेतली, तिला बाहेरच्या अंगाला स्पीकर होता. गाडी लॉक केली की कोणता आवाज व्हावा हे मालकानं ठरवायचं. त्यानं पेनड्राइव्हवरून एका दांडग्या कुत्र्याचं भुंकणं त्यात भरलं. दोनदा भुंकायचा. दुसऱ्यांदा जरा खालच्या आवाजात, घशातल्या घशात, आता पुढे काय होईल ते तुझं तू बघ असं सांगितल्यासारखा. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचे पेशंट दचकायचे. तो हसत जिना चढायचा.

तो लिफ्टची तपासणी करायचा. शहरभरच्या इमारतींतल्या लिफ्टचे दोर, ब्रेक, दारं. त्यामुळे घरी यायची वेळ ठरलेली नसे. कधी भर दुपारी यायचा, कधी दिवे लागल्यावर. आपल्या इमारतीत मात्र चौथ्या मजल्यापर्यंत पायीच यायचा. "ह्यांना माहितीये ना आत काय लोंबतंय ते," असं त्याची बायको म्हणायची आणि सासू-सुना तोंडावर पदर धरून हसायच्या. दोघी आपसात त्याला साहेब म्हणत. खाली भुंकणं ऐकू आलं की दारात किल्ली फिरेपर्यंत मध्ये चार मजले असत. एका बाईला चपला हातात घेऊन मागच्या दारानं बाहेर पडायला आणि लोखंडी जिना उतरायला तेवढे पुरायचे.

ती बाई म्हणजे धाकटी, साहेबांची बहीण. म्हातारीची मुलगी.

धाकटीचं लग्न त्यानंच ठरवलं होतं, आपल्या वरच्या अधिकाऱ्याच्या पुतण्याशी. ती तिथून निघून आली. का आली ते तिनं आईला सांगितलं, वहिनीला सांगितलं. भावाला सांगायला गेली तेव्हा त्यानं ऐकून घेतलं नाही. ऑफिसात माझी मान खाली गेली, एवढंच म्हणाला. या घरात तिनं पाऊल ठेवायचं नाही, हेही त्यानं अगदी साध्या आवाजात सांगितलं, पंखा बंद करा म्हणावं तसं. तो ओरडणारा माणूस नव्हता. तो वस्तू काढून घ्यायचा. आईनं मुलीची बाजू घेतली, त्या आठवड्यात आईचा फोन दुरुस्तीला गेला. तो परत आला नाही. बायकोनं नणंदेला बाजारात गाठून चहा पाजला, हे त्याच्या कानावर आलं, आणि बायकोची स्कूटर विकली गेली. "वापरत कुठे होतीस," तो म्हणाला. भिंतीवर जिथे स्कूटरची किल्ली टांगलेली असे तिथे आता नुसता खिळा होता. त्यानंतर घरात कुणी काही बोलायच्या आधी आजूबाजूच्या वस्तूंकडे एकदा बघून घ्यायचं.

तरी धाकटी यायची. साहेबांचं काम लांबच्या वस्तीत असलं की वहिनी तिला निरोप द्यायची. मागच्या जिन्यानं वर येऊन ती आईच्या खोलीत, खिडकीपाशी, उजव्या कानाशी तोंड नेऊन बसायची. दुपारभर दोघींचं काय काय चालायचं. कधी नुसतंच डोकं विंचरणं. म्हातारीचा पलंग खिडकीला लागून होता आणि खिडकीखाली गाडीची जागा. कुत्रा भुंकला की तो जाड आवाज काचेतून, पलंगाच्या लोखंडातून तिच्या हाडांत यायचा.

"कुत्रा आला गं!" ती ओरडायची.

"स्वतःच्या पोराला कुत्रा म्हणता, आई?" सून विचारायची.

"मी कुठे म्हटलं? गाडी म्हणाली."

धाकटी पळता पळता हसायची. एकदा तर हसू आवरेना म्हणून जिन्यावरच बसली होती.

मग अपडेट आलं. सकाळी गाडी सुरू करताना पडद्यावर सूचना होती: रात्रीतून नवं सॉफ्टवेअर भरलं गेलं आहे, आता गाडी अधिक सुरक्षित आहे. संध्याकाळी तो जेवायला बसला आणि म्हणाला, "अपडेटनं माझा कुत्रा मारला."

सुनेच्या हातातलं वाढणं तसंच राहिलं. "म्हणजे?"

"लॉक केली की आता नुसतं टिक. कंपनीचा आवाज. आपला हवा असेल तर नव्या पद्धतीनं भरायचा, फाइल छोटी करून, फोनवरून. कसले कसले नियम केलेत."

"मग भरा ना."

तिनं हे फार लवकर म्हटलं. तो घास चावत तिच्याकडे बघत राहिला.

"तुला आवडत नव्हता ना? दातांच्या डॉक्टरांची बायको बोलते, लाज वाटते, असं तूच म्हणायचीस."

"सवय झाली होती," ती म्हणाली.

"सवय." त्यानं शब्द चाखून बघितला. "बघू. तसं शांत बरं वाटतंय."

त्यानंतर तो दोनदा अवेळी आला. एकदा सून कपडे वाळत घालत होती, मागे वळली तर तो दारात उभा. कधीपासून, कुणास ठाऊक. सगळ्या खोल्यांतून हिंडला, पाणी प्यायला, आईच्या खोलीत डोकावून "बरी आहेस ना?" असं विचारलं आणि परत कामावर गेला. दुसऱ्या वेळी तर पाणीही प्यायला नाही.

त्या रात्री सुनेनं सासूला सांगितलं, "वन्संना येऊ नका म्हणते. आवाज परत येईपर्यंत तरी."

"आणि तो आलाच नाही तर?"

"आई, तुम्हाला कुत्रा ऐकू यायचा. हे टिक मला स्वयंपाकघरातून ऐकू येत नाही, तुम्हाला काय येणार?"

"येतं की," म्हातारी म्हणाली.

"खरं?"

"खोटं कशाला बोलू? उद्या बघ."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सून खिडकीत उभी राहिली. म्हातारी मागे पलंगावर, भिंतीला टेकून. गाडी आली, वळली, जागेवर लागली. तो उतरला. टिकसारखा बारीक आवाज काचेपलीकडून म्हातारीपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. पण तिच्यासमोर सुनेची पाठ होती. इतकी वर्षं एका घरात काढल्यावर ती पाठ तिला पाठ झाली होती. खाली काहीतरी झालं आणि सुनेचे खांदे जरासे, अगदी जरासे वर गेले, मान आखडली.

"आला," म्हातारी म्हणाली.

सून चमकून वळली. "बाई गं! बरोब्बर!"

त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तिसऱ्या दिवशीही. एकदा सुनेनं मुद्दाम फसवायला गाडी यायच्या आधीच "वाजलं का?" विचारलं. खांदे सैल होते. "अजून नाही," म्हातारीनं शांतपणे सांगितलं. सुनेनं मग तिचे गालच धरले. "आई, तुमचा कान परत आला! डॉक्टरला दाखवायला हवं तुम्हाला, बक्षीस देईल."

म्हातारी हसली. रात्री अंथरुणात तिला झोप लागली नाही. आपण काय करून बसलो हे तिला नीट समजत होतं. खरं सांगायला फक्त तोंड उघडायचं होतं. पण खरं सांगितलं की धाकटी यायची थांबणार, आणि फोन नाही, बाहेर पडायला गुडघे नाहीत; मग ती मुलगी कुठल्या वाटेनं तिच्यापर्यंत येणार? तिनं स्वतःला समजावलं, सून असेल ना खिडकीत. तिचे डोळे आहेत, माझं तोंड आहे. दोघी मिळून एक धड माणूस होतो.

पहिल्या वेळी सून खरंच खिडकीत उभी राहिली. धाकटी आली, गेली, काही झालं नाही. दुसऱ्या वेळी सून पलंगाच्या काठावर येऊन बसली, कारण तिलाही नणंदेशी बोलायचं असे; दिवसभर तीही एकटीच होती. म्हातारी बोलता बोलता तिच्या खांद्यांकडे बघत राहिली. तिसऱ्या वेळी सून म्हणाली, "तुम्ही बसा दोघी, मी तेवढ्या चादरी धुवून टाकते. आई आहेत ना कान देऊन."

म्हातारीच्या घशाशी शब्द आले. थांब, जाऊ नकोस. धाकटी तेवढ्यात गरम पाण्याचं घमेलं घेऊन आत आली आणि जमिनीवर बसली.

"बघू पाय. केवढी नखं वाढवलीस! वहिनीला कापायला सांगायचं ना."

"तिला कशाला? सुनेला का पायाला हात लावायला लावू?"

"आणि मला चालतं?"

"तुझी मी कापत होते तेव्हा किती लाथा मारायचीस, आठवतंय का?"

पाय पाण्यात मऊ झाले. धाकटीनं डावा पाय मांडीवर घेतला, टॉवेलनं टिपला आणि नेलकटर लावलं. म्हातारीला त्याचा आवाज यायचा नाही. प्रत्येक नख तुटताना बोटाला बसणारा बारीक हिसका तेवढा कळायचा. धाकटी काहीतरी सांगत होती, नव्या कामाबद्दल, तिथल्या मालकिणीबद्दल, जी स्वतःशीच मोठ्यानं बोलते. मधेच तिनं मालकिणीची नक्कल केली. म्हातारी हसत होती, पण नजर खिडकीवर होती, आणि खिडकीत कुणी नव्हतं. मोरीत मशीन फिरत असणार. त्याची घरघर फरशीतून वर येत होती. जाड आवाज. त्या एका आवाजाखाली बाकी सगळं गाडलं गेलेलं.

डावा पाय झाला. धाकटीनं उजवा उचलला. अंगठ्याचं नख जाड होतं, जोर लावावा लागला. मग तिचा हात थांबला. म्हातारीनं मुलीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिला मागे वळायची गरज उरली नाही.

तो दारात उभा होता. बूट हातात होते.

"दादा," धाकटी म्हणाली.

"बस, बस. उठू नकोस." त्यानं बूट भिंतीशी नीट लावून ठेवले. तेवढ्यात सून ओले हात झटकत आली आणि जागच्या जागी थिजली. तिनं नवऱ्याकडे बघितलं नाही, सासूकडे बघितलं.

"आई, तुम्ही तर म्हणाला होता..." आणि पुढचं तिनं गिळलं.

"काय म्हणाली होती आई?" त्यानं विचारलं.

मग तो पलंगाकडे वळला.

"काय म्हणाली होतीस, आई?"

म्हातारीनं त्याच्या ओठांवरून प्रश्न वाचला. मोज्यांच्या कारखान्यात मुकादम असाच विचारायचा, यंत्राजवळ वाकून, हळू, कुणालाही ऐकू जाणार नाही असा, आणि उत्तर मात्र त्याला लगेच हवं असायचं.

"तू आलास की सांगेन म्हटलं होतं," ती म्हणाली. "मला ऐकू आलं. नाही सांगितलं."

"ऐकू आलं?"

"टिक वाजलं. मग तू जिना चढलास. मी ऐकत होते." तिचा आवाज तिला स्वतःलाच नीट ऐकू येत नव्हता, म्हणून तो नको तेवढा मोठा निघाला. "म्हटलं, किती दिवस पळवायची पोरीला. येऊ दे त्याला."

सुनेनं तोंडावर ओला हात धरला. त्याचा विश्वास बसला की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. मग तो बायकोला म्हणाला, "मागच्या दाराची किल्ली आण."

तिनं आणली. तो आत गेला, मागचं दार लावल्याचा दणका फरशीतून आला, आणि परतला तेव्हा त्याचा हात खिशात होता. त्यानं कोपऱ्यातली खुर्ची ओढून दारात ठेवली आणि तीत बसला.

"आटप," तो बहिणीला म्हणाला. "पाणी गार होईल. आईचं काम अर्धं नको राहायला. मग बोलू आपण."

"दादा, मी जाते ना. परत नाही..."

"आधी आटप."

धाकटीनं नेलकटर उचललं. पातं नखावर धरेना. म्हातारीनं वाकून तिचा हात आपल्या हातात घेतला आणि नखावर नेऊन ठेवला. अंगठा झाला. शेजारचं बोट झालं. सून भिंतीला टेकून उभी होती, तिचे खांदे वर गेले होते ते खाली यायला तयार नव्हते. तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बघत होता, लिफ्टचा दोर बघावा तसा, कुठे झिजलाय ते शोधत. मधलं बोट झालं. करंगळीचं नख एवढंसं. त्याला कितीसा वेळ लागणार. धाकटीनं ते फार सावकाश कापलं.

"झालं?" त्यानं विचारलं आणि खुर्चीतून उठायला लागला.

"नाही," म्हातारी म्हणाली, आणि तिनं कापून झालेला डावा पाय पुन्हा मुलीच्या मांडीवर ठेवला.