पाल्याला भाजी म्हणायचं राहून गेलं

धरणाचं पाणी चढलं की तो पाडा तीन अंगांनी पाण्यात जातो. चौथ्या अंगाला डोंगर आहे, आणि तिकडून वाट अशी, की बकरीसुद्धा दोनदा विचार करील. म्हणून पावसाळ्यात सगळी ये-जा होडीनेच. सव्वीस घरांच्या या पाड्यात भावना दर बुधवारी अंड्यांचे ट्रे सांभाळत होडीतून उतरते. काठावरच्या बायका तिला ‘अंडीवाली ताई’ म्हणतात आणि बसायला घोंगडी अंथरतात. त्या घोंगडीवर तिला नीट बसवत नाही. दोन वर्षं झाली, तिथे कोणीतरी सुया टोचून ठेवल्यासारखं वाटतं.

भावना मूळची मुरबाडकडची, कुणब्याच्या घरातली. लग्न होऊन आसनगावला आली, बारावीच्या जोरावर शहापूरच्या एका संस्थेत लागली. काम मनापासून करायची. वजनकाटा खांद्यावर घेऊन चिखल तुडवणारी बाई ती, कामचुकार म्हणायची कोणाची टाप नव्हती. तिने एकदाच घोळ केला. तोही लिहिताना.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात संस्थेने दुर्गम पाड्यांतल्या सकस आहारासाठी अनुदान मागायचं ठरवलं. घरोघरी फिरून अर्ज भरायचे होते. त्यात एक प्रश्न होता: काल दिवसभरात भाजी खाल्ली का?

पहिलं घर हिराबाईचं. म्हातारी ओट्यावर बसली होती, मांडीवर टोपलीभर कुरडू, निवडायचं काम चाललेलं.

“आजी, काल भाजी खाल्लीत का?”

“नाय गो. भाजी कुठली? बाजारात जातंय कोण?”

भावनाचं पेन थांबलं. या लोकांच्या तोंडी भाजी म्हणजे बाजारची: बटाटा, फ्लॉवर, वांगी. रानातून खुडून आणतात तो पाला. कुरडू, टाकळा, लोत, भारंगी, सगळा पाला. भावनाला हे कोणी शिकवायची गरज नव्हती, तिच्या आईच्या घरीही हेच बोलत. ‘मग काल पाला खाल्लात का?’ एवढं विचारायला कितीसा वेळ लागला असता? पण शहापूरच्या साहेबांनी सांगितलं होतं, जिथे परिस्थिती बिकट तिथेच अनुदान. आणि बाई स्वतःच्या तोंडाने ‘नाय’ म्हणत होती. आपण कुठे खोटं लिहितोय, असं मनाला समजावून तिने ‘नाही’वर खूण केली. मग पुढची पंचवीस घरं तर काय, हात सैल झाला होता.

अनुदान आलं. अंडी आली, चिक्की आली, गाजर-बिटाची रंगीत चित्रं आली. एक डॉक्टरीणबाई येऊन सगळ्यांना बसवून सांगून गेल्या, “तुमच्या ताटात भाजीच नाही, म्हणून मुलं अशी काडीसारखी.” बायकांनी माना खाली घालून ऐकलं. भावना शेजारीच उभी होती आणि गप्प होती.

या बुधवारी भावनासोबत सोनालीमॅडम होडीत होत्या. अनुदान पुढे चालू ठेवायचं की नाही, ते त्यांच्या हातात होतं. मॅडम काठावर फोटो काढत रेंगाळल्या, तेवढ्यात भावना पुढे होऊन हिराबाईच्या घरात शिरली. तिला पाहताच म्हातारीने चुलीजवळची पातेली घाईघाईने पदराखाली ओढली.

“काय लपवताय आजी?”

हिराबाईची नात बाळी, पाच वर्षांची, कोपऱ्यात नुसता भात मीठ लावून खात होती. तीच म्हणाली, “आजी पाला खाते.”

म्हातारीचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. “पोरीला नाय देत हां बाय! पाला म्हंजे भाजी नाय, त्यानं पोरं काडीसारखी व्हतात, असं तुमी सांगलंव तवापासून तिच्या ताटात पाला पडू दिला नाय. अंडी असतील तवा अंडी, नायतर भात. मीच खाते, जुनी खोड. कागदावर लिहू नको.”

बुधवारची अंडी शुक्रवारपर्यंत संपतात. उरलेले दिवस ही पोर कोरडा भात गिळत होती. लाज वाटली भावनाला, स्वतःच्या सुवाच्य अक्षराचीसुद्धा लाज वाटली. खरं सांगावं तर अनुदान जाईल, सव्वीस घरांची अंडी बंद. न सांगावं तर ही पोर अशीच भातावर वाढणार. तिने पातेली पुढे ओढली, परतलेला टाकळा मूठभर काढून बाळीच्या भातावर वाढला. दारात मॅडम येऊन उभ्या होत्या.

“मॅडम, ही भाजी आहे,” भावना म्हणाली. “हे लोक पहिल्यापासून खातात. याला पाला म्हणतात म्हणून विचारल्यावर ‘नाय’ म्हणाले. मला ठाऊक होतं. मी मुद्दाम ‘नाही’ लिहिलं. या आजींच्या मांडीवर तेव्हा टोपलीभर कुरडू होता, मी डोळ्यांनी बघितला होता.”

मॅडमनी हिराबाईकडे पाहिलं. म्हातारीला सगळं कळलं नसावं, पण आपल्या ताईवर काहीतरी शेकतंय एवढं नक्की कळलं. ती ताडकन उठली.

“काय पण बोलतेस गो! तवा शिमगा होता. शिमग्याला कुठला कुरडू? नाय मॅडम, घरात कायसुदीक नव्हतं. ताईनी बरोबर लिवलं. आमालाच धड सांगता येत नाय, तिचा काय दोष?”

आयुष्यात कधी खोटं न बोललेली ती बाई मॅडमच्या डोळ्याला डोळा भिडवून धडधडीत खोटं बोलत होती. श्रावणातल्या तारखेचा अर्ज मॅडमच्या हातातल्या फायलीत होता, पण त्यांनी तो उघडला नाही. त्या भारावून हसल्या.

“बघा भावनाताई, किती जीव आहे यांचा तुमच्यावर.”

भावनाला वाटलं, त्यापेक्षा हिराबाईने सगळ्यांदेखत एक कानाखाली ओढली असती तर सोसली असती. ती बाळीसमोर खाली बसली. पोरगी टाकळ्याचा घास हातात धरून आधी आजीकडे आणि मग तिच्याकडे बघत होती, खाल्ला तर ताई रागावतील का म्हणून.