सिंधूअक्कांनी खोडलेले कलम

१९९६ च्या मार्चमध्ये रावेर तालुक्यातल्या केळी बागायतदार सिंधूअक्का यांनी एका परदेशी कंपनीकडे अवकाशप्रवासासाठी अर्ज केला. तेव्हा त्यांचे वय एकसष्ट होते. जूनमध्ये अर्ज परत आला. प्रवाशाने सही करायच्या करारनाम्यातले अकरावे कलम त्यांनी निळ्या शाईने खोडले होते आणि रेघेशेजारी सही केली होती. तोच अर्ज त्यांनी पुन्हा पाठवला. तो पुन्हा परत आला.

मी त्या काळात जळगावच्या एका दैनिकात जिल्हा पानाचे काम पाहत होतो. रावेरच्या वार्ताहराने फोनवर बातमी सांगितली, "बाई चंद्रावर जाणार." तशी ती छापता येत नव्हती. कंपनी कोणाला चंद्रावर नेणार नव्हती. श्रीमंत खासगी प्रवाशांना यानातून वातावरणाच्या वर न्यायचे, काही मिनिटे पृथ्वी दाखवायची आणि परत आणायचे, एवढेच तिच्या माहितीपत्रकात होते. यान कधी तयार होणार, हे त्यात नव्हते. खात्री करायला मी रावेरला गेलो.

अक्का घरी नव्हत्या. बागेबाहेर केळीने भरलेला ट्रक उभा होता आणि त्या केबिनमध्ये चालकाशेजारी बसल्या होत्या. डोक्यावर पदर, मांडीवर कापडी पिशवी. चालक शिरपूरकडचा दगाभाऊ. अक्कांच्या मालाची त्याची ती पहिली फेरी होती. नवा चालक किंवा नवी गाडी असली की पहिल्या फेरीला अक्का स्वतः बऱ्हाणपूरपर्यंत बसत आणि तिथून एसटीने परत येत. मोटार दारात असूनही त्यांनी हा क्रम कधी मोडला नाही.

"अक्का, वीस वरीस व्हई ग्यात. मना हात साफ शे," दगाभाऊ म्हणाला. "तुम्ही कसाले तरास लेतस?"

"तुह्या हात पाह्याले नाई बसली, भाऊ. ब्रेक पाह्याले बसली."

मी ओळख सांगितली. त्यांनी सरकून जागा केली. "बोलाचं असीन त बसा. गाडी कोनासाठी थांबत नाई." पहिली मुलाखत त्या केबिनमध्ये झाली. वर कशाला जायचे, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "तापी मी काठावरून पाह्यली. सातपुडा खालून पाह्यला. दोन्ही एका नजरेत पाह्याचे हायेत."

"भीती वाटत नाही?"

"वाटते ना. म्हनून त इचारते. ज्याले भीती नाई तो इचारत नाई."

गावात त्यांची टिंगल होत होती. बसस्टँडवरच्या टपरीवर माझ्यासमोरच एकाने विचारले, "अक्का, वर केयी लागतीन का?" त्या थांबल्या नाहीत. चालता चालता म्हणाल्या, "लागल्या त तोडाले तुलेच बोलावीन. खाली तुले काम कुठी हाये?" दुसरा म्हणाला, एवढी घाई कशाला, वर सगळ्यांनाच जायचे आहे. त्यावर मात्र अक्का वळल्या. "मेल्यावर सगळेच जातात, बाप्पा. मले जित्तं जायाचं हाये. आन् परत यायाचं हाये."

परत यायचे आहे, हे त्यांच्या बोलण्यात दर वेळी येत असे. कंपनीला पाठवलेल्या पहिल्या पत्रात त्यांनी चार प्रश्न विचारले होते. यान बांधून झाले का? त्यात कोणी माणूस बसून आला का? आग लागली तर दार आतून उघडते का? पहिल्या फेरीला मालक बसणार का? पत्र त्यांच्या मुलाने, प्रकाशने, इंग्रजीत लिहून दिले. उत्तरादाखल कंपनीने आणखी एक रंगीत माहितीपत्रक पाठवले.

प्रकाश कृषी पदवीधर होता आणि बागांचे ठिबक सिंचन पाहत असे. आईचे जाणे त्याला मान्य नव्हते. "छापू नका," मी पुढे त्यांच्या घरी गेलो तेव्हा तो ओट्यावर मला म्हणाला. "गाव हसतंय. आणि उद्या वर काही झालं तर मी कोणाला विचारायचं?"

"तेच त अकराव्यात हाये," अक्का आतून म्हणाल्या. "कोनालेच इचाराचं नाई."

त्यांनी करारनामा माझ्यापुढे ठेवला. प्रकाशने एकदा वाचून दाखवला होता, पण त्यांना तो दुसऱ्याकडूनही ऐकायचा होता. अकराव्या कलमाचा अर्थ असा होता : प्रवासात मृत्यू किंवा इजा झाल्यास, ती कंपनीच्या किंवा तिच्या नोकरांच्या हलगर्जीपणामुळे झाली असली तरी, कंपनी जबाबदार राहणार नाही आणि प्रवाशाचे वारस कोणताही दावा करणार नाहीत. मी ते मराठीत वाचून दाखवले.

"हलगर्जीपना असं त्याहीनंच लिहेल हाये? तुमी घातलं नाई ना?"

त्यांनीच लिहिले आहे, असे मी सांगितले.

"असा कागद मी या ओट्यावर पाह्यला हाये," अक्का म्हणाल्या. पुढचे त्यांनी त्या दिवशी सांगितले नाही.

ते मला दुसरीकडून कळले. १९८४ मध्ये अक्कांच्या यजमानांचा केळीचा ट्रक नाल्याच्या पुलावर उलटला. घडांवर बसलेले दोन मजूर ठार झाले. ब्रेक लागत नसल्याचे चालकाने आधी दोनदा सांगितले होते. अपघातानंतर आठवड्याच्या आत यजमानांनी दोन्ही विधवांना घरी बोलावून एका कागदावर अंगठे घेतले. अपघाताला मालक जबाबदार नाही, असा तो कागद होता. अक्का तेव्हा दारात उभ्या होत्या आणि काही बोलल्या नाहीत. तीन वर्षांनी यजमान वारले. तेराव्यानंतर अक्कांनी दोघींना पुन्हा त्याच ओट्यावर बोलावले, कागद त्यांच्यासमोर फाडला आणि प्रत्येकीच्या नावावर दोन एकर बागायत जमीन करून दिली. त्या वर्षापासून त्यांच्या मालावर माणूस बसणे बंद झाले आणि नव्या चालकाबरोबर अक्का स्वतः बसू लागल्या.

त्या दोघींपैकी धोंडाबाई हयात होत्या. मी त्यांना भेटलो. "कागद फाडला हे खरं हाये," त्या म्हणाल्या. "जमीन देली हेबी खरं हाये. पन त्या दिशी त्या दारात उभ्या व्हत्या, हे मी इसरली नाई. त्याहीले बी तसं सांगेल हाये."

हे मी अक्कांना जसेच्या तसे सांगितले. "बरोबर बोलते ती," त्या म्हणाल्या. "तवा मी गप राह्यली. आता राह्यत नाई."

डिसेंबरमध्ये कंपनीच्या मुंबई कार्यालयाचा प्रतिनिधी रावेरला आला. कोट, टाय, हातात चामडी बॅग. अक्कांनी मला निरोप पाठवला होता. त्यांना साक्षीदार हवा होता. प्रतिनिधीला त्यांनी ओट्यावर खाट टाकून बसवले, शेव आणि चहा दिला.

"अक्का, सगळ्यांनी सही केली आहे," तो म्हणाला. "मोठमोठे कारखानदार आहेत. कोणी कलम खोडलं नाही."

"त्याहीनं वाचलं का?"

"वाचलं असेल की."

"तुमी वाचलं?"

"ती एक औपचारिकता असते."

"बरं. यान झालं का बांधून?"

"काम सुरू आहे."

"मालक बसनार पहिल्या फेरीले?"

"तसं अजून ठरलेलं नाही."

अक्कांनी प्रकाशला हाक मारली. त्याने आतून एक कागद आणला. त्याच्या अक्षरात, मराठीत, अकरावे कलम शब्दशः उतरवलेले होते. कंपनीच्या जागी अक्कांचे नाव होते आणि यानाच्या जागी ट्रकचा क्रमांक. ट्रक समोर भरून उभा होता. त्या दिवशीही चालक नवा होता.

"गाडी चांगली हाये," अक्का म्हणाल्या. "ब्रेक सकायीच पाह्यले. मीबी बसनार हाये. तुमाले बऱ्हानपूरपर्यंत नेते. फक्त एवढी सही करा."

प्रतिनिधी हसला. मग त्याने कागद वाचला. दुसऱ्या ओळीवर तो थांबला. "तुमच्या हलगर्जीपणानं मी मेलो तरी माझ्या घरच्यांनी काही बोलायचं नाही? असं कसं लिहून देऊ?"

"सगळे देतात म्हने."

"सहीची गरज काय? मी तसाच बसतो गाडीत."

"मंग मीबी तशीच बसते तुमच्या यानात."

त्याने कागद खाटेवर ठेवला. प्रकाशने तो उचलून घडी घातली. तोवर आईच्या बाजूने एक शब्द न बोललेला प्रकाश म्हणाला, "साहेब, वारस म्हणून खाली माझी सही लागते ना? तीपण मिळणार नाही. कलम काढा, मग मी तिला स्वतः विमानतळावर सोडतो." प्रतिनिधी ट्रकमध्ये बसला नाही. त्याने जीप करून भुसावळ गाठले आणि मुंबईची गाडी पकडली. अक्का ठरल्याप्रमाणे नव्या चालकाबरोबर गेल्या.

कंपनीने त्यांना १९९७ च्या जानेवारीअखेरची मुदत दिली. तोपर्यंत कलम न खोडता सही न केल्यास जागा पुढच्या अर्जदाराला जाईल, असे पत्रात होते. शेवटच्या दिवशी दुपारी प्रतिनिधीचा फोन आला. त्या वेळी मी तिथे होतो. अक्कांनी उभ्यानेच फोन घेतला.

"जायाचं हाये. आजबी जायाचं हाये," त्या म्हणाल्या. पलीकडचे बोलणे त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "नाई. रेघ पुसत नाई. तुमाले माहं नाव काटाचं असीन त तुमी काटा. मी काटा म्हननार नाई."

फोन ठेवल्यावर त्या खुर्चीत बसल्या. प्रकाशने पाणी आणून दिले. ते त्या प्यायल्या नाहीत.

फेब्रुवारीत कंपनीने पुन्हा पत्र पाठवले. कंपनीच्या नियमाप्रमाणे नाव कमी करण्यासाठी अर्जदाराने स्वखुशीने माघार घेत असल्याचे लेखी द्यावे, अशी विनंती त्यात होती. सोबत छापील नमुना होता. अक्कांनी तो भरला नाही. त्या वर्षात तोच नमुना आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा त्यांनी तो कोरा परत पाठवला, पोचपावतीसह.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये हृदयविकाराने जळगावच्या एका रुग्णालयात सिंधूअक्कांचे निधन झाले. बातमी जिल्हा पानावर एका स्तंभात आली.

पुढच्या वर्षी कंपनीने मुंबईतले कार्यालय बंद केले. ते बंद होण्यापूर्वी मी तिथे गेलो. प्रतिनिधीने प्रवाशांची यादी दाखवली. यादीतल्या कोणीही प्रवास केला नव्हता. यान बांधून झाले नव्हते. सिंधूअक्कांचे नाव काटलेले नव्हते. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले होते : माघार नाही. कलम ११ अमान्य.