मातृभाषेचा रकाना

कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या ज्या कंपनीत मी काम करते, ती इंटरनेटवर बुद्ध्यांक चाचणी घेते. फुकट. वीस मिनिटांत तुमची अक्कल मोजून तुमच्या हातात. लोक चाचणी देतात, त्यांचे आकडे माझ्याकडे येतात आणि मी तक्ते करते: अमुक शहर, अमुक भाषा, सरासरी इतकी. कोणी बसमध्ये लोंबकळत दिलेली, कोणी अर्ध्यात सोडलेली, एकाच माणसाने चारदा दिलेली, सगळं एकाच पातेल्यात. दोन वर्षं मी ते निमूट ढवळत होते.

मुलीची दहावीची परीक्षा संपली आणि ती घरात कंटाळली, म्हणून लिंक मीच तिला दिली. हो, मीच. कप्पाळ माझं! सुरुवातीला मातृभाषा विचारतात. तिने इंग्रजीवर बोट नेलं, तशी मी स्वयंपाकघरातून ओरडले, की मराठी निवड, लाज वाटते का? आमच्याकडे हा नियमच आहे. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आलो, पोरगी इथेच वाढली, शाळेत इंग्रजी आणि बंगाली. म्हणून जिथे रकाना दिसेल तिथे आम्ही छाती पुढे काढून मराठी लिहितो.

रकाना भरला की प्रश्न त्याच भाषेत येतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. फोडणीच्या नादात लक्षातच आलं नाही. ती मराठी बोलते झकास, पण देवनागरी अक्षर अक्षर लावत वाचते. त्यात ते यंत्राने केलेलं मराठी, मलाच दोनदा वाचावं लागतं. वेळ संपली, निम्मे प्रश्न कोरे, आणि पडद्यावर आकडा आला. खाली लिहिलेलं: सरासरीपेक्षा कमी.

आठवड्याने पाहते तर अकरावीच्या फॉर्मवर गणित खोडलेलं. लहानपणापासून गणितावर जीव टाकणारी पोरगी! मी परोपरीने सांगितलं, की तो आकडा तुझ्या वाचण्याच्या वेगाचा आहे, अकलेचा नाही. ती नुसती मान हलवत राहिली.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, लोक कोणत्या भाषेत वाचतात ते विचारा, अर्धवट चाचण्या वेगळ्या काढा, आणि निदान सरासरी किती माणसांची ते तरी छापा. कोलकात्यातल्या मराठी लोकांची म्हणून जी आपण छापतो, ती बोटांवर मोजण्याइतक्या माणसांची आहे. साहेब हसले. इतकं खोलात कोण वाचतं, म्हणाले आणि चहा मागवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगते, त्यांच्यापेक्षा जास्त राग स्वतःचा आला. परक्यांच्या पोरांचे आकडे लावताना दोन वर्षांत मला एकदाही चीड आली नव्हती.

तशीच जागेवर गेले आणि यादीतून तिची ओळ पुसून टाकली. नियमात बसत नव्हतं, गेला खड्ड्यात नियम. घरी येऊन तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की आता तुझा आकडा कुठेच नाही.

तिने माझ्याकडे बघितलं.

"इतका वाईट होता, आई? की तुला पुसावा लागला?"

मी कितीतरी वेळ बोलत होते. ती ऐकून घेत होती. मग तिने तो फॉर्म पुढे सरकवला आणि पालकांच्या सहीच्या जागेवर बोट ठेवलं. मी सही केली नाही. सकाळी तिने ती बाबांकडून घेतली.