दिलावरचे दहा कागद

जुन्नरच्या टपालात मी पोस्टमन होतो. लोकांची पत्रं वाचून दाखवायची आणि उत्तरं लिहून द्यायची, हे काम मला सरकारनं सांगितलेलं नव्हतं. पण गल्लीत ज्याला चार अक्षरं येतात, त्याच्या गळ्यात ते आपोआप पडतं. मला त्याचा गर्व होता. सावळारामशिवाय यांचं पान हलत नाही, असं मी घरी बायकोला सांगायचो. शिनोलीच्या कुंडलिकमुळं तो गर्व उतरला.

कुंडलिक शिनोलीच्या शेतकऱ्याचा पोरगा. सातवीची फायनल पास, अक्षर मोत्यासारखं. शिक्षणासाठी मामाकडं जुन्नरला राहायचा. शेजारी दिलावरचं घर. दिलावरकडं पिढ्यान्‌पिढ्या हातानं कागद करायचे. गिरणीचा कागद आला आणि त्यांचा लगद्याचा हौद कोरडा पडला. बाप वारलेला, घरी आई जैबुन्निसा आणि धाकटी बहीण शमा. दिलावरला अक्षरओळख नव्हती, पण अंगात धमक होती. बावन्न साली तो मुंबईला जाऊन बोटीवर लागला, आणि जाताना कुंडलिकलाही घेऊन गेला.

लिव्हरपूलला दोघांनी बोट सोडली. तिथं कुणीतरी सांगितलं, पलीकडं आयर्लंडात दारोदार कापड विकलं जातं. मग काय, पाठीवर गाठोडी बांधली. त्यात पायमोजे, रुमाल, टाय, बायकांचे स्कार्फ. डब्लिनहून कॉर्क, कॉर्कहून लिमरिक, तिथून गॉलवे. कधी बसनं, बहुतेक वेळा पायी. महिन्याला एक पत्र यायचं. कुंडलिक लिहायचा आणि खाली दिलावर अंगठा उठवायचा. ‘इकडं पाऊस पडत नाही, नुसता लोंबतो,’ असं एकदा लिहिलं होतं. ते वाचल्यावर जैबुन्निसा हसली होती.

ऐकून झालं की ती पत्र माझ्या हातातून घ्यायची आणि दारात उजेडाला धरायची. कागदातली गाठ, भोक, चीर शोधण्यात तिची हयात गेली होती. अक्षरांशी तिला देणंघेणं नव्हतं. अंगठ्यावरून एकदा बोट फिरवायची, मग पत्र पत्र्याच्या पेटीत ठेवायची.

चोपन्न सालच्या पावसाळ्यानंतर आलेलं पत्र तिनं जरा जास्तच वेळ धरून ठेवलं.

“भाऊ, पोराच्या अंगठ्याला कापलंय. काय लिवलंय का त्यात?”

“न्हाई. शाई फुटली आसंल,” मी म्हणालो. मला आणखी आठ घरं करायची होती.

पुढच्या महिन्यात तिनं तेच विचारलं. त्याच्या पुढच्या महिन्यातही. मी वैतागलो. म्हणालो, “चाची, इथं लिवलंय ठणठणीत हाय म्हणून. आता मी वाचू का तुमी वाचता?” त्यानंतर तिनं कधीच विचारलं नाही. मला वाटलं, समजूत पटली.

उत्तरं मात्र बदलली. आधी ती सांगायची, “दिलावरला लिहा, पोटभर खात जा, अंगात गरम घाल.” आता सांगायची, “कुंडलिकला लिहा, पोटभर खात जा, अंगात गरम घाल.” मी म्हणायचो, अहो, तुमचा पोरगा राहिला की. ती म्हणायची, “त्याला सलाम लिहा.” म्हातारीचं डोकं चालेनासं झालंय, असा मी निकाल लावला आणि लिहून दिलं.

पंचावन्नच्या ईदनंतर शमाचा निकाह झाला. मंचरच्या चांगल्या घरात पोरगी पडली. ती बातमीही मीच लिहून कळवली.

त्या वर्षी थंडी सुरू होताना कुंडलिक परत आला. आळेफाट्याला मोटार बदलून जुन्नरला उतरला तो शिनोलीला न जाता सरळ टपालात. एकटाच होता. गाल बसलेले, अंगात जाड कोट. मला बाजूला घेऊन खाली बसला.

“दिलावर गेला, सावळारामभाऊ. साल उलटून गेलं.”

मग त्यानं सगळं सांगितलं. ओल्या कपड्यांत हिंडून दिलावरची छाती धरली. कॉर्कच्या दवाखान्यात दोन महिने पडून होता. आपण आता जगत नाही हे त्याला कळलं होतं. निकाह ठरलेला. भाऊ गेल्याचं कळलं तर निकाह लांबणार, सोयरे बिथरणार, शमा घरात राहणार, एवढीच त्याला धास्ती. त्यानं कुंडलिककडून दहा कोरे निळे कागद मागवले, त्यांवर ओळीनं अंगठे उठवले आणि म्हणाला, “महिन्याला एक भर. शमा सासरी जाईस्तोवर आईला कळू देऊ नको.”

त्यातले नऊ कुंडलिकनं भरले. पाठीवर गाठोडं घेऊन गावोगाव हिंडत, मेलेल्या मित्राची खुशाली लिहीत. स्वतःच्या बापालाही तेच खोटं कळवलं, न जाणो शिनोलीहून बातमी जुन्नरला पोचायची. ती पत्रं मी चाचीच्या दारात बसून, आवाज चढवून वाचली होती.

“आता चाचीला सांगायचंय,” तो म्हणाला. “तुमी संगं चला.”

जैबुन्निसा ओसरीत बसली होती. कुंडलिक पाया पडला. “चाची,” एवढंच म्हणाला. तिनं त्याला बसवलं, पाणी दिलं. मग आत जाऊन पेटी आणली आणि एकेक पत्र जमिनीवर ओळीनं मांडलं. बरोब्बर नऊ. त्याआधीची तिनं पेटीतच ठेवली.

“ही चीर बघ,” तिनं पहिल्या अंगठ्यावर बोट ठेवलं. “थंडीत ताजी, शिमग्यात ताजी, ईदीला बी ताजी. जित्या माणसाची जखम भरती, बाबा.”

कुंडलिक खाली मान घालून रडायला लागला.

“रडू नको. शमाचं व्हायचं व्हतं, म्हणून मी बी गप बसले. तिला अजून ठावं न्हाई. पर मला येक सांग, आन् खरं सांग.” तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. “हे अंगठं त्यानं दिलं, का तो गेल्यावर तू घेतलं?”

आमच्याकडं मढ्याचा अंगठा उठवून जमिनी लाटल्याच्या गोष्टी पोराटोरांना ठाऊक आहेत. आपल्या लेकाचा गार पडलेला हात धरून कुणी शाईत बुडवला असेल का, हे कोडं घेऊन ही बाई वर्षभर माझ्यासमोर बसत होती. आणि मी तिला, मी वाचू का तुम्ही वाचता, असं विचारलं होतं.

“त्यानंच दिलं, चाची. शपथ घेतो,” कुंडलिक म्हणाला. “सुरीनं सफरचंद कापताना अंगठा कापला व्हता, त्याच दिवशी. धाव्या कागदावर अंगठा नीट उठला न्हाई, तर माझ्यावर चिडला. दुसरा कागद आण म्हनला. मी न्हाई आणला. हाच ऱ्हाऊ दे म्हनलो.”

त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून दहावा कागद काढला. सगळा कोरा, खाली एका कोपऱ्यात फिकट, घसरलेला अंगठा. जैबुन्निसानं तो दारात उजेडाला धरला. बराच वेळ तिनं तो खाली केला नाही.

“चिडला व्हता?” तिनं विचारलं.

“लई.”

मग ती रडली. वर्षभराचं रडली. मी उंबऱ्याशी उभा होतो, निघून जायचंही धाडस झालं नाही. शेवटी तिनं डोळे पुसून कागदाची घडी केली आणि पेटीत ठेवली. “ह्याच्यावर काय लिहू नको,” एवढंच म्हणाली.

कुंडलिक शिनोलीला जाऊन शेती करू लागला. दर बाजारी जुन्नरला आला की आधी जैबुन्निसाकडं जायचा. दोन वर्षांनी एकदा टपालात आला आणि माझ्यासमोर कार्ड ठेवलं. आपल्याला मुलगी झाल्याचं मुंबईच्या भावाला कळवायचं होतं. मी म्हणालो, “आरं, तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.”

“तुमीच लिवा. त्या नऊ कागदांनंतर मी लेखणी धरली न्हाई,” तो म्हणाला.

मी लिहिलं. सही कर म्हणून कार्ड त्याच्यापुढं सरकवलं. त्या फायनल पास माणसानं माझ्या टेबलावरच्या शाईत अंगठा बुडवला आणि खाली उठवला.