मामांचा रेकॉर्ड प्लेअर आणि मामीचा पाटा

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं, कारण उद्या मामा स्वतःच सांगत सुटतील आणि त्यात मामी नसेल. खांडबाऱ्यात रेल्वे थांबते याचा सगळ्या गावाला आनंद आहे. त्या रेल्वेवर रागावलेला माणूस एकच, आमचे मामा. घर रुळांना चिकटून, आणि गावात वीज आल्या आल्या मामांनी घेतलेला सगळ्यात स्वस्तातला रेकॉर्ड प्लेअर, रेडिओला जोडलेला. मालगाडी गेली की जमीन थरथरते, सुई उडी मारते आणि मुखडा गाणारी बाई एकदम अंतऱ्यात पोचते. "स्टेशन जरा पलीकडे बांधता आलं नसतं का?" असं मामांनी स्टेशनमास्तरांना अगदी शांतपणे विचारलंय.

त्यात नवापूरला कुणाच्या तरी भारी मशीनवर मामांनी घरी वाजते तीच तबकडी ऐकली. तिथे म्हणे सूर लावण्याआधी बाईचा श्वास ऐकू येतो! मग आपल्याकडे का नाही? झालं. सुईच्या दांडीवर पैसा ठेवून बघितला, तर बाईचा आवाजच बसला. प्लेअर सपाट आहे का हे बघायला वर दुधाची वाटी ठेवली, ती मांजराने तपासली. गाणं चालू असताना घरात चालायची बंदी. मी एकदा शिंकलो तर मामांनी गाणं पहिल्यापासून लावलं. शेवटी ठरलं की खाली फुगवलेली सायकलची ट्यूब, तिच्यावर काहीतरी जड आणि त्यावर प्लेअर, म्हणजे हादरा वर पोचत नाही. जड म्हणजे काय, तर मामीचा पाटा. तरी गाडी आली की सुई उडायचीच.

पाटा गेला तेव्हापासून घरात ठेचा नाही, चटणी नाही. खानदेशात याला उपास म्हणतात. आज सकाळी मामी पदर खोचून उभी राहिली. "मिरच्या का तुमना डोकावर वाटू? आज पाटा दिनात नही ते मी विसरवाडीले निंघी जासू!" विसरवाडी म्हणजे तिचं माहेर, आणि पिशवी खरोखर भरलेली होती.

"धीरे बोल, सुई हाली जाई," मामा म्हणाले. मला वाटलं, संपला संसार.

मामीने पाट्याला दोन्ही हात घातले, आणि तेवढ्यात मालगाडी धडधडत आली. सुई हलली नाही! गाडी गेली, खोली शांत झाली, आणि पुढचं कडवं घेण्याआधी बाईने श्वास घेतला. अगदी शेजारी बसून घ्यावा तसा. मामांचं तोंड उघडंच राहिलं. मामीचे हात पाट्यावर तसेच.

"दमी गई बिचारी," ती म्हणाली. मग हळूच खाली बसली. "मन्ही माय बी दळता दळता गाये, तवय असाच सास ले."

त्या मायला जाऊन बरीच वर्षं झाली. विसरवाडीच्या घराला आता नुसतं कुलूप आहे.

मामांनी सुई उचलून पहिल्यापासून ठेवली. पाटा प्लेअरखालीच राहिला, दुपारी आम्ही भाकरी तेल-मिठाशी खाल्ली, कुणी कुरकुरलं नाही. तुमच्या बाबतीत झालंय का हो असं, की गाणं कुणा अनोळखी बाईचं, आणि त्यात एकदम आपलंच माणूस ऐकू आलं?